रन कुठे रेंगाळतो?

सर्व्हरचं कॉन्फिगरेशन सांभाळणाऱ्या पपेटचा एजंट, वेगळं काही सांगितलं नसेल तर, दर ३० मिनिटांनी जागा होतो, सर्व्हरची अवस्था ठरल्याप्रमाणे आहे का ते बघतो आणि पुन्हा झोपतो. मिनिटा-दोन मिनिटांत आटोपावं असं हे काम. पण बऱ्याच ठिकाणी हा रन हळूहळू पाच मिनिटांवर जातो, मग बारा मिनिटांवर, आणि एक दिवस लक्षात येतं की एजंटला झोपायला वेळच उरलेला नाही. सीपीयूचा एक कोअर सतत व्यापलेला, मेमरी फुगलेली, लॉगमध्ये मात्र एकही एरर नाही. अ‍ॅन्सिबल वापरणाऱ्यांची तक्रार शब्दांनी वेगळी, पण जात तीच: प्लेबुक एका ‘कॉपी’ टास्कवर येऊन अडकतं आणि चहा पिऊन परत आलं तरी तिथंच असतं.

अशा वेळी कुणीतरी हमखास सुचवतं, सर्व्हरची मेमरी वाढवा. कधी कधी त्याने फरक पडतोही, आणि तेच वाईट. मूळ दुखणं आणखी काही महिने झाकून राहतं आणि तोवर फाइल्स दुप्पट झालेल्या असतात. म्हणून पैसे खर्च करण्याआधी वेळ नेमका कुठे जातो ते मोजायचं. मोजणी अवघड नाही. फक्त ती योग्य क्रमाने करावी लागते.

त्याआधी या साधनांचा स्वभाव लक्षात घ्यायला हवा. मार्क बर्जेस यांनी ऑस्लोमध्ये १९९३ साली सीएफएंजिन लिहिलं तेव्हा प्रश्न होता तो वेगवेगळ्या युनिक्स यंत्रांवरच्या मोजक्या सेटिंग्ज एकसारख्या ठेवण्याचा. ल्यूक केनीस यांचं पपेट २००५ चं, थॉमस हॅच यांचं सॉल्ट २०११ चं, मायकेल डीहान यांचं अ‍ॅन्सिबल २०१२ चं. या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ‘फाइल’ म्हणजे एसएसएचची सेटिंग, एनजिनएक्सची सेटिंग, क्रॉनची नोंद. एका सर्व्हरवर अशा पन्नास, फार तर दोनशे. प्रत्येक फाइल ही स्वतंत्र जबाबदारी मानायची, तिची मालकी, परवानग्या आणि मजकूर तपासायचा, फरक दिसला तर दुरुस्त करायचा आणि तशी नोंद करायची, अशी ही रचना. दोनशे फाइल्सना ती उत्तम. पण कुणीतरी याच यंत्रणेच्या हाती वर्डप्रेसचा अख्खा संच देतं, ज्यात अपलोड केलेले फोटो धरले नाहीत तरी काही हजार फाइल्स असतात. किंवा नोडचं मॉड्यूल्सचं फोल्डर देतं. तिथला आकडा मध्यम प्रकल्पातही सहज काही दहा हजारांत जातो. साधन कुरकुर करत नाही. सांगितलं तेच करतं, प्रत्येक फाइलसाठी, दर अर्ध्या तासाने.

आधी घड्याळ लावा

पपेटमध्ये सुरुवात ‘समराइझ’ या पर्यायाने करावी. एजंट हाताने चालवताना तो जोडला की शेवटी एक तक्ता येतो: फाइल प्रकाराला किती सेकंद, पॅकेजला किती, सर्व्हिसला किती, कॅटलॉग मिळवायला किती. बऱ्याचदा गोंधळ इथंच मिटतो. सगळे ‘फाइल्स हळू आहेत’ म्हणत असतात आणि तक्त्यात दिसतं की फाइल्सना नऊ सेकंद लागले, पॅकेजच्या रेपॉझिटरीला उत्तर द्यायला चार मिनिटं. तसं असेल तर हा लेख बाजूला ठेवून रेपॉझिटरीकडे बघा. हा तक्ता एजंट प्रत्येक रननंतर शेवटच्या रनच्या सारांशाच्या यामल फाइलमध्येही लिहून ठेवतो, त्यामुळे जुन्या सर्व्हरवर काही न चालवताही तो वाचता येतो.

फाइल प्रकारच दोषी निघाला तर पुढचा पर्याय ‘इव्हॅलट्रेस’. तो प्रत्येक रिसोर्समागे किती वेळ गेला ते एकेक ओळीत छापतो. हे आउटपुट एका फाइलमध्ये वळवा आणि सेकंदांनुसार उतरत्या क्रमाने लावा. दोन वेगळी चित्रं दिसू शकतात. एक, दोन-चार ओळी प्रचंड मोठ्या आणि बाकी सगळं किरकोळ. दोन, एकही ओळ मोठी नाही, पण ओळीच हजारो आहेत. पहिल्यात एखादी अवजड फाइल किंवा हळू नेटवर्क दडलेलं असतं; दुसऱ्यात संख्या हाच आजार असतो. दोन्हींवरचे उपाय पूर्ण वेगळे आहेत, म्हणून हे चित्र बघितल्याशिवाय एकाही सेटिंगला हात लावू नये.

अ‍ॅन्सिबलमध्ये हेच काम ‘प्रोफाइल टास्क्स’ हा कॉलबॅक करतो. कॉन्फिगरेशनमध्ये एका ओळीत तो चालू करता येतो आणि प्लेबुक संपल्यावर सर्वांत वेळखाऊ टास्कची यादी मिळते. सॉल्टमध्ये प्रत्येक स्टेटसोबत लागलेला वेळ आधीच येतो. ‘आउट’ या पर्यायाला ‘प्रोफाइल’ दिलं की तो वाचायला सुटसुटीत होतो.

यानंतरची एक मोजणी बहुतेक जण टाळतात, पण मला ती सर्वांत मोलाची वाटते. साधन बाजूला ठेवा आणि त्याच फोल्डरवर फाइंड आणि शा-२५६-सम या साध्या कमांड्सनी सगळ्या फाइल्सचे चेकसम काढा, वेळ मोजत. समजा दहा हजार फाइल्सना यात सहा सेकंद लागले आणि पपेटला त्याच फोल्डरसाठी नऊ मिनिटं. मग डिस्क निर्दोष आहे, सीपीयू निर्दोष आहे. उरलेला सगळा वेळ साधनाच्या हिशेबठेवणीचा. उलट या साध्या कमांडलाच सहा मिनिटं लागली, तर पपेट, सॉल्ट की अ‍ॅन्सिबल या वादात पडूच नका, खाली डिस्कपाशी जा. एक काळजी घ्या: एकदा वाचलेल्या फाइल्स लिनक्स मेमरीत धरून ठेवतो, म्हणून दुसरी फेरी फसवी वेगवान असते. पहिल्या फेरीचाच आकडा धरा. दोन फेऱ्यांत मोठी तफावत असेल तर तीही एक खूणच आहे: काम डिस्कवर अडतंय.

पपेटमध्ये आत काय चालतं

एका फोल्डरला ‘रिकर्स’ लावून तुम्ही मॅनिफेस्टमध्ये चार ओळी लिहिता. कॅटलॉगमध्येही ते एकच रिसोर्स असतं. पण एजंट ते अमलात आणायला घेतो तेव्हा आतल्या प्रत्येक फाइलसाठी आणि उपफोल्डरसाठी नवं रिसोर्स तयार होतं. रिसोर्स म्हणजे रूबीचं ऑब्जेक्ट, त्याचे गुणधर्म, परस्परसंबंधांच्या आलेखात त्याची जागा, आणि शेवटी अहवालात त्याची नोंद. त्यामुळे फाइल न बदलताही मेमरी वाढते, आणि अहवाल साठवणाऱ्या सर्व्हरवर ताण येतो तो वेगळाच. अलीकडच्या आवृत्त्यांमध्ये पपेट स्वतःच इशारा देतं: अशा फोल्डरमध्ये हजाराहून जास्त नोंदी निघाल्या की लॉगमध्ये सूचना येते, मोठी झाडं सांभाळायला दुसरी पद्धत बघा म्हणून. ‘मॅक्स फाइल्स’ हा गुणधर्म उणे एक केला की सूचना बंद होते. लोक तेच करतात. सूचना गेली, आजार राहिला. मी याच्या बरोबर उलट सुचवेन: तिथे तुमच्या अंदाजाचा नेमका आकडा घाला, म्हणजे उद्या कुणी त्या फोल्डरमध्ये लॉग लिहायला लागलं तर रन तिथे एरर देईल आणि कळेल.

‘सोर्स’ देऊन फोल्डर सर्व्हरवरून आणत असाल तर दुसरी बाजूही बघा. एजंट अख्ख्या झाडाचा मेटाडेटा मागतो आणि तो देण्यासाठी पपेट सर्व्हरला आपल्याकडच्या त्या सगळ्या फाइल्सचे चेकसम काढावे लागतात. एका एजंटसाठी हे काहीच नाही. पण समजा २०० सर्व्हर आहेत आणि झाडात ५,००० फाइल्स. दर अर्ध्या तासाला १० लाख चेकसम, म्हणजे सेकंदाला साडेपाचशेहून अधिक, आणि तेही कुठेच काही बदललेलं नसताना. त्यात सगळे एजंट एकाच वेळी सुरू केलेले असतील तर ते रांगेत उभे राहतात आणि प्रत्येकाला वाटतं आपलाच रन हळू आहे. ‘स्प्ले’ चालू केल्यावर एजंट थोड्या थोड्या अंतराने जागे होतात आणि गर्दी पांगते. काम कमी होत नाही, पण तेवढ्यानेही पुष्कळ आराम पडतो.

फोल्डर एकत्र न आणता शेकडो सुट्या फाइल्सना वेगवेगळा ‘सोर्स’ दिला असेल तर प्रत्येक फाइलसाठी सर्व्हरला स्वतंत्र विनंती जाते. लहान मजकुराच्या फाइल्स ‘कंटेंट’ म्हणून दिल्या तर त्या कॅटलॉगमध्येच बसून येतात आणि फेरा वाचतो. कॅटलॉग जाड होतो, हे खरं. काही किलोबाइटच्या सेटिंग फाइल्सना हा सौदा परवडतो, मोठ्या फाइल्सना नाही.

चेकसमचा प्रकार बदलणं हा पुढचा उपाय. पपेट ७ पासून मूळ निवड शा-२५६ आहे. त्याआधी एमडी-५ होती. ‘एमडी-५ लाइट’ आणि ‘शा-२५६ लाइट’ हे प्रकार फाइलचे पहिले ५१२ बाइटच बघतात. मोठ्या बायनरी फाइल्सना यातून वेग मिळतो, पण पहिले ५१२ बाइट तेच आणि पुढे बदल, असं घडू शकतं का याचा विचार करूनच तो लावावा. कॉन्फिगरेशनच्या फाइलला, जिच्या माथ्यावर परवान्याची लांबलचक टिप्पणी असते, तो अजिबात लावू नये. ‘एमटाइम’ हा प्रकार फक्त बदलाची वेळ बघतो, त्यामुळे झपाट्याने चालतो. त्याची खोच अशी की गिटमधून कोड नव्याने उतरवला की सर्व्हरवरच्या फाइल्सची वेळही नवी होते, आणि मजकूर तसाच असूनही सगळ्या एजंटांना सगळं बदललंय असं वाटतं. रोज डिप्लॉय होत असेल तर रोज सगळं पुन्हा कॉपी. जिथे फक्त मालकी आणि परवानग्या राखायच्या आहेत, मजकुराशी घेणंदेणं नाही, तिथे चेकसम ‘नन’ करून फरक पडतो का ते मोजून बघावं.

बॅकअप हीही एक विसरलेली जागा. पपेट फाइल बदलण्याआधी जुनी प्रत फाइलबकेटमध्ये ठेवतं, तशी सोय चालू असेल तर. सेटिंगच्या फाइलसाठी ही सोय देवासारखी धावून येते. पण जी २०० एमबीची जार फाइल दर आठवड्याला बदलते तिच्या प्रती साठून एक दिवस डिस्क भरते. अशा रिसोर्सवर बॅकअप बंद ठेवा.

आणि ‘टायडी’. जुन्या सेशन फाइल्स, जुने थंबनेल काढून टाकायला हे रिसोर्स मोहक वाटतं. पण तेही सापडलेल्या प्रत्येक फाइलसाठी रिसोर्स उभं करतं. लाखभर सेशन फाइल्सच्या फोल्डरवर त्याचं काय होतं ते सांगायला नको. सिस्टमडीचं टेम्पफाइल्स हेच काम करण्यासाठी लिहिलेलं आहे. पपेटने फक्त त्याची तीन ओळींची सेटिंग फाइल सांभाळावी.

अ‍ॅन्सिबल: फेऱ्यांचा हिशेब

अ‍ॅन्सिबलमध्ये एजंट नाही, त्यामुळे दुखणं मेमरीत नसून फेऱ्यांत असतं. एक टास्क म्हणजे एसएसएचवरून पायथनचं एक छोटं गाठोडं पलीकडे पाठवणं, तिकडे पायथन सुरू करणं, उत्तर परत आणणं. ‘कॉपी’ला फोल्डर दिलं की हे प्रत्येक फाइलसाठी घडतं; आणि फाइल बदललेली नसली तरी एकदा ती कशी आहे ते बघायला आणि एकदा परवानग्या ठीक करायला, अशा दोन खेपा होतात. खेपेला अर्धा सेकंद धरा: २,००० फाइल्सना २,००० सेकंद, तेहतीस मिनिटं. गावातल्या प्रत्येक घराचं पत्र द्यायला पोस्टमनने दर वेळी तालुक्याच्या पोस्टातून निघावं, तसा हा प्रकार. अ‍ॅन्सिबलच्या अधिकृत माहितीतच लिहिलंय की ‘कॉपी’चं फोल्डर उतरवणं शेकड्यांच्या पुढे झेपत नाही, ‘सिंक्रोनाइझ’ वापरा. ती ओळ वाचायची वेळ बहुतेकांवर प्लेबुक अडकल्यावरच येते.

इथे अंतर फार महत्त्वाचं ठरतं. काचतंतूतून प्रकाश सेकंदाला सुमारे दोन लाख किलोमीटर जातो. म्हणजे हजार किलोमीटरच्या जाण्यायेण्याला किमान १० मिलिसेकंद, वळसे आणि राउटर वेगळे. पुण्यात बसून अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावरचे सर्व्हर सांभाळणाऱ्या टीमला प्रत्येक फेऱ्याला २०० मिलिसेकंदांच्या आसपास मोजावे लागतात. तेच प्लेबुक तिथल्याच एका लहान सर्व्हरवरून चालवलं तर हा आकडा एक-दोन मिलिसेकंदांवर येतो. बँडविड्थ वाढवून हा प्रश्न सुटत नाही, कारण पाइप अरुंद नाही, लांब आहे. म्हणून पहिला उपाय सेटिंगचा नाहीच: प्लेबुक जिथून चालतं ते यंत्र सर्व्हरांच्या शेजारी न्या.

दुसरा, पाइपलायनिंग. ते मुळात बंद असतं. चालू केलं की मॉड्यूल आधी तात्पुरत्या फाइलमध्ये न उतरवता थेट पायथनच्या तोंडात दिलं जातं आणि प्रत्येक टास्कमागचे एक-दोन फेरे वाचतात. सुडोच्या सेटिंगमध्ये ‘रिक्वायर टीटीवाय’ असेल तर ते आधी काढावं लागतं, नाहीतर टास्क अपयशी होतील. प्रत्यक्ष फाइल पाठवायला मात्र याचा उपयोग नाही.

‘फोर्क्स’बद्दल एक गैरसमज फार पसरलेला आहे. त्याचा मूळ आकडा ५. तो ५० केला की प्लेबुक दहापट वेगवान होईल असं वाटतं. फोर्क्स म्हणजे एकाच वेळी किती सर्व्हरांवर काम करायचं. एका सर्व्हरवर ५,००० फाइल्स जात असतील तर त्या एकामागून एकच जाणार, फोर्क्स कितीही वाढवा. सर्व्हर शंभर असतील तर मात्र तो वाढवायलाच हवा.

‘सिंक्रोनाइझ’च्या आत आरसिंक आहे, अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांचं १९९६ चं काम. त्याचा वेग दोन गोष्टींत आहे. सगळ्या फाइल्सची यादी तो एकाच जोडणीतून देतो-घेतो. आणि फाइल बदलली का हे ठरवायला मुळात फक्त आकार आणि बदलाची वेळ बघतो, मजकूर वाचत नाही. ‘चेकसम’ हा पर्याय लावलात की ही दुसरी सवलत संपते. तरीही एका परिस्थितीत तो लावणंच बरोबर: बिल्ड दर वेळी नव्या क्लोनमधून होत असेल तर सगळ्या वेळा नव्या असतात, आरसिंकला सगळंच बदललेलं दिसतं आणि प्रत्येक रन ‘बदल झाला’ म्हणून सांगतो. त्याला जोडलेला हँडलर मग सर्व्हिस रीस्टार्ट करत बसतो. ‘डिलीट’ लावण्याआधी एकदा कोरडी फेरी घ्या. आरसिंक काय काय पुसणार ते आधी दाखवतो, आणि त्या यादीत अपलोडचं फोल्डर दिसलं तर तुमचा दिवस वाचला.

‘स्टॅट’ मॉड्यूलची एक गंमत बऱ्याच जणांना माहीत नसते. फाइल आहे की नाही एवढंच बघायला आपण ते वापरतो, पण मुळात ते पूर्ण फाइल वाचून चेकसमही काढतं, शिवाय तिचा प्रकारही ओळखायला जातं. ४० जीबीच्या डेटाबेस बॅकअपवर ‘स्टॅट’ लावून प्लेबुक का अडकलं म्हणून विचारणारे सापडतात. ‘गेट चेकसम’ आणि ‘गेट माइम’ हे दोन्ही नको म्हणून सांगा, टास्क क्षणात संपतो.

सॉल्टबद्दल थोडक्यात. त्याचा मेसेजिंगचा भाग वेगवान, म्हणून लोक समजतात की फाइल्सही तशाच जातील. पण ‘फाइल रिकर्स’ प्रत्येक फाइलची स्वतंत्र तपासणी करतंच. त्याऐवजी ‘आर्काइव्ह एक्स्ट्रॅक्टेड’ वापरताना एक सापळा आहे: संग्रहातल्या फाइल्सची नावं सर्व्हरवर आधीपासून असतील तर मजकूर बदलला तरी तो पुन्हा उलगडत नाही, ‘सोर्स हॅश अपडेट’ सांगितल्याशिवाय. प्रत्येक आवृत्तीला वेगळं फोल्डर दिलं तर हा प्रश्न उद्भवतच नाही.

डिस्क, एनएफएस आणि पहारेकरी

साध्या चेकसम कमांडलाच वेळ लागत होता, तर कारणं खालच्या मजल्यावर असतात. फिरत्या डिस्कला एका लहान फाइलपाशी पोहोचायला १० मिलिसेकंद धरले तर २०,००० फाइल्सना २०० सेकंद, आकार कितीही लहान असो. क्लाउडवर वेगळीच मजा. एडब्ल्यूएसच्या जीपी-२ प्रकारच्या डिस्कला जीबीमागे ३ आयऑप्स मिळतात, किमान १००. ३० जीबीची डिस्क म्हणजे किमानच. तिला ३,००० पर्यंत उसळी मारायची मुभा असते, पण शिलकीतून. शिल्लक भरलेली असली तर ती पूर्ण वेगात अर्धा तास पुरते. म्हणून नवा सर्व्हर चाचणीत झकास चालतो आणि दर अर्ध्या तासाचे रन सुरू झाले की चार दिवसांनी मंदावतो, आणि कोड कुणी बदलला याचा तपास सुरू होतो. कुणीच बदललेला नसतो. जीपी-३ मध्ये ३,००० हा पायाच असल्यामुळे तिथे हलवणं हा सोपा उतारा आहे.

एनएफएसवर प्रत्येक ‘फाइल कशी आहे’ हा प्रश्न नेटवर्कवरून जाऊ शकतो. त्यात एकच शेअर दहा सर्व्हरांवर जोडलेला आणि दहाही सर्व्हरांचे एजंट त्याची देखभाल करतायत असं दृश्य असेल तर नऊ जणांना त्या कामातून मोकळं करा. ‘रूट स्क्वॉश’ चालू असेल तर तिथे मालकी बदलायचा प्रयत्न दर वेळी फसतो आणि दर वेळी पुन्हा होतो, हेही बघून ठेवा.

तिसरा संशयित म्हणजे अँटिव्हायरस किंवा ऑडिटचा नियम, जो प्रत्येक फाइल उघडताना मध्ये उभा राहतो. एस-ट्रेस चालू प्रोसेसला लावून प्रत्येक सिस्टम कॉलचा वेळ छापला की हे उघडं पडतं: वाचायला नाममात्र वेळ, पण ‘ओपनअ‍ॅट’ला दर खेपेला काही मिलिसेकंद. ते बंद करा असं मी म्हणणार नाही. सुरक्षेच्या टीमपुढे ते आउटपुट ठेवून त्या एका फोल्डरपुरती सवलत मागा. आकडे हातात असले की असली बोलणी लवकर मिटतात.

एक तपासणी कुठल्याही साधनाला लागू पडते. रन लागोपाठ दोनदा चालवा. दुसऱ्या रनमध्ये बदलांची संख्या शून्य यायला हवी. येत नसेल तर कुठेतरी तीच फाइल पुन्हा पुन्हा लिहिली जातेय: टेम्प्लेटमध्ये कुणी ‘तयार केल्याची वेळ’ घातलीय, विंडोजवरून आलेल्या ओळींच्या शेवटांची भानगड आहे, किंवा दोन मॉड्यूल एकाच फाइलवरून भांडतायत. अशी एकच फाइल, तिच्यावर अवलंबून असलेली सर्व्हिस रीस्टार्ट होत असेल तर, हजार शांत फाइल्सपेक्षा जास्त वेळ खाते.

झाड साधनाच्या हातून काढून घेणं

आतापर्यंतचे बहुतेक उपाय टक्केवारीचे: वीस टक्के इथून, तीस तिथून. फाइल्स हजारोंनी असतील तर खरा फरक पडतो तो झाड एकसंध वस्तू बनवल्यावर. माझं मत इथे ठाम आहे: अ‍ॅप्लिकेशनचा कोड कॉन्फिगरेशनच्या साधनाने फाइल-फाइल करून पोहोचवू नये.

सर्वांत चांगलं म्हणजे आरपीएम किंवा डेबचं पॅकेज. एफपीएम नावाच्या साधनाने तयार फोल्डरचं पॅकेज करता येतं, पॅकेजिंगचं शास्त्र शिकत न बसता. मग पपेटच्या दृष्टीने दहा हजार फाइल्सच्या जागी एक रिसोर्स उरतं आणि तपासणी म्हणजे आवृत्तीचा एक प्रश्न. ते जमत नसेल तर टार फाइल, आवृत्तीच्या नावाच्या फोल्डरमध्ये उलगडलेली, आणि ‘करंट’ नावाचा सिमलिंक चालू आवृत्तीकडे वळवलेला. परत फिरायचं असेल तर लिंक जुन्या फोल्डरकडे वळवली की झालं. पपेटमध्ये व्हॉक्स पुपुलीचं ‘आर्काइव्ह’ मॉड्यूल हे काम करतं. गिटमधूनच घ्यायचं असेल तर ‘व्हीसीएसरेपो’ आहे. (पपेटपासून फुटून निघालेलं ओपनव्हॉक्स वापरत असाल तरी हे सगळं तसंच लागू होतं.)

संक्रमण एका झटक्यात करू नका. एखाद्या वृत्तपत्राची वेबसाइट आहे असं समजा: कोड, थीम, अपलोड, आणि तीन-चार सेटिंग फाइल्स, सगळं एका ‘रिकर्स’खाली. आधी ‘इग्नोर’ लावून अपलोडचं फोल्डर बाहेर काढा. ते संपादकांचं आहे, साधनाचं त्यात काही काम नाही. तेवढ्यानेच रन निम्म्यावर आला तर आश्चर्य वाटायला नको. मग कोड आणि थीम पॅकेजमध्ये न्या. डेटाबेसचा पासवर्ड असलेली फाइल, एनजिनएक्सची सेटिंग, पीएचपीची मर्यादा या मात्र साधनाकडेच राहू द्या. त्याच्या जबाबदारीच्या त्याच तर फाइल्स आहेत. सेटिंगची फाइल पॅकेजच्या फोल्डरबाहेर ठेवा आणि आत फक्त लिंक द्या, नाहीतर पुढच्या अपग्रेडला पॅकेज मॅनेजर आणि पपेट तिच्यावरून ओढाताण करतील.

मालकीचा प्रश्नही असाच सोडवता येतो. अख्ख्या झाडावर रिकर्सने मालकी राखण्याऐवजी फाइंडला ‘ज्यांचा मालक हा नाही’ त्या फाइल्सच शोधायला सांगा, आणि एक जरी सापडली तरच मालकी बदलणारी कमांड चालू द्या. झाडावरून एक फेरी होते, पण ती सी भाषेत लिहिलेल्या लहानशा प्रोग्रॅमची, हजारो रूबी ऑब्जेक्ट्सची नव्हे.

या बदलात एक गोष्ट हातची जाते, ती आधीच मान्य करायला हवी. कुणी सर्व्हरवर लॉगिन करून कोडची एखादी फाइल हाताने बदलली तर पूर्वी अर्ध्या तासात ती मूळपदावर येत असे; आता आवृत्ती तीच असल्याने साधनाला काहीच कळणार नाही. घुसखोराने टाकलेली पीएचपी फाइलही तशीच राहील. यासाठी रात्री एकदा पडताळणी लावा: आरपीएमला ‘व्हेरिफाय’ आहे, डेबियनच्या डीपीकेजीलाही आहे, आणि नव्याने आलेल्या फाइल्स पकडायला एआयडीई. पॅकेजची पडताळणी फक्त पॅकेजमधल्या फाइल्स बघते, बाहेरून आलेली जास्तीची फाइल तिला दिसत नाही, म्हणून दोन्ही लागतात. पहाटे तीनला हे चालू द्या आणि निकाल मेलने नको, मॉनिटरिंगकडे पाठवा. त्याच मॉनिटरिंगमध्ये रनचा एकूण वेळही घाला, तो सारांशाच्या यामल फाइलमध्ये तयारच असतो. मर्यादा आजच्या वेळेच्या दुप्पट ठेवली तर पुढच्या वेळी कुणी नोडचं फोल्डर ‘रिकर्स’खाली टाकेल त्या दिवशीच अलर्ट येईल.